नदीकाठच्या सुशोभीकरणास माझा हातभार

मी व्यवसायाने अर्जनवीस आहे. कचेरीच्या आवाराबाहेर चिंचेखाली माझे टेबल असून गेली पुष्कळ वर्षे या जिल्ह्यातील लोकांची गाऱ्हाणी शासनास समजेल अशा भाषेत मी मांडत आलो आहे. माझे शिक्षण नववीपर्यंत सुरळीत झाले. दहावीत गणिताने वाट अडवली. पुढे मला त्याची उणीव भासली नाही, कारण गाऱ्हाण्यातली बेरीज-वजाबाकी पक्षकार घरूनच करून आणतो. पन्हाळ्यापासून वारणानगरपर्यंतची माणसे माझे नाव विचारत येतात. हे सांगण्यात आत्मस्तुतीचा हेतू नाही. आमच्या शहराच्या नदीकाठी दिवेलागणीनंतर जे एक जग उभे राहिले आणि पुढे लयास गेले, त्याच्या उभारणीत माझा हात होता आणि लयातही माझाच होता, असे शिवाजी पेठेत आजही बोलले जाते. यांपैकी पहिली गोष्ट खरी आहे. दुसरीबाबत वाचकांनी संपूर्ण हकिकत वाचून मत बनवावे.

पूर्वी सूर्यास्तानंतर त्या काठावर कोणी फिरकत नसे. धुणे धुणाऱ्या बायका उजेडीच घरी परतत. पोहणारी पोरे अंग पुसत निघून जात. मागे उरत ती काही कुत्री आणि मी. मला डॉक्टरांनी जेवणाआधी चालण्यास सांगितले होते, म्हणून मी जात असे; कुत्र्यांचे कारण मला ठाऊक नाही.

या काठावर पहिली वस्ती केली ती आक्कांनी. नदीकडे उतरणाऱ्या बोळात त्यांचा दोन म्हशींचा गोठा होता. त्यांचे यजमान होते, परंतु ते दिवाळीच्या पाडव्यापुरते. आमच्याकडे पाडव्याला म्हशींची शिंगे रंगवून, अंगावर मोरपिसे लावून त्यांना मालकाच्या मोटारसायकलीमागे पळवण्याची रीत आहे. मोटारसायकलीचा आवाज काढला की आपली म्हैस गर्दीतूनही मागे यावी, यात मालकाची अब्रू असते. आक्कांच्या यजमानांनी त्या एका दिवसासाठी आयुष्य वाहिले होते. उरलेले वर्षभर ते मोटारसायकल पुसत आणि म्हशींचे सगळे आक्का बघत.

म्हशी धुवायला आक्का संध्याकाळी काठावर येत. एकदा तालमीचे वस्ताद पोरांना पोहायला घेऊन आले होते. परतताना ते आक्कांपुढे थांबले आणि म्हणाले, "आक्का, घरला जाऊन पिळणार ते हितंच पिळा की. पोरास्नी गलास गलास द्या."

आक्कांनी तिथेच बसून धार काढली. वस्तादांनी ग्लास तोंडाला लावला. त्या वेळी तिथे माझ्याखेरीज अन्य सुशिक्षित इसम हजर नव्हता, म्हणून दुसरा ग्लास मला मिळाला. त्या दुधाचा दुसरा ग्राहक मी आहे, हे या निमित्ताने नोंदवून ठेवतो.

बाहेरगावच्या वाचकांना यात विशेष ते काय असे वाटेल. आमच्या शहरात माणूस दुसऱ्याच्या शब्दावर पोरगी देईल, पण दूध घ्यायचे तर म्हैस समोर उभी हवी. धार डोळ्यांदेखत ग्लासात पडली पाहिजे, फेस वर आला पाहिजे आणि ते कोमट असतानाच प्यायले पाहिजे. त्यास धारोष्ण म्हणतात. अशा जागेला आम्ही दूधकट्टा म्हणतो, आणि तिथे उभे राहून आमच्या शहरात जेवढ्या गप्पा झाल्या असतील तेवढ्या अन्यत्र कुठेही झालेल्या नाहीत.

आक्कांना या कट्ट्याचे एवढे अप्रूप का, हेही सांगितले पाहिजे. त्याआधी त्या आपले दूध संकलन केंद्रावर घालत. ते केंद्र होते त्यांच्या धाकट्या जावेचे, बोळाच्या वरच्या टोकाला, चढावर. दोन्ही जावांचे लग्नापासून जमले नव्हते. धाकटी केंद्राच्या खिडकीत बसे आणि थोरलीने रांगेत किटली घेऊन उभे राहायचे. आक्कांची पाळी आली की धाकटी यंत्रात दुधाचा थेंब टाकी, काच पुसल्यासारखे करी आणि साऱ्या बोळास ऐकू जाईल अशा आवाजात विचारी, "आक्का, चुकून पाणी पडलंय काय ओ?"

चुकून या शब्दावर तिचा जोर असे.

कट्टा सुरू झाला त्या दिवशी आक्कांनी ग्रामदेवतेची शपथ घेतली: "आता त्या भवानीच्या दारात मी परत उभा ऱ्हाणार न्हाय. म्हशी इकीन, पर दारात न्हाय."

पुढे काठ वाढत गेला. दूध पिणारे उभे राहतात म्हणून भेळवाला आला. भेळेने तोंड पोळते म्हणून दूध अधिक खपू लागले आणि दूध आहे या भरवशावर भेळवाल्याने तिखट वाढवले. मग कटवडा आला, भजी आली, बर्फाचा गोळा आला. एक जण ध्वनिक्षेपक घेऊन बसला आणि जुनी गाणी म्हणू लागला. त्याचा आवाज बरा नव्हता, परंतु नदी मोठी असल्यामुळे खपून गेला. सोनार आपल्या कुटुंबासह येऊ लागले. शिक्षक येऊ लागले. नवी लग्न झालेली जोडपी गाडीवरून उतरून म्हशीसोबत फोटो काढू लागली. आक्कांची थोरली म्हैस फोटोच्या वेळी मान वळवते अशी तिची ख्याती झाली.

माझा एक भाचा बेंगळुरूस संगणकाच्या कंपनीत आहे. तो सुट्टीला आला असता मला म्हणाला, "मामा, कोल्हापुरात नाईटलाईफ काय हाय?"

"चल, दाखवतो," मी म्हणालो, आणि त्यास नेऊन म्हशीपुढे उभे केले.

"हे नाईटलाईफ?"

"पी आधी."

त्याने एक ग्लास प्यायला, मग दुसरा. मग भेळ खाल्ली आणि डोळ्यांतून पाणी आले म्हणून तिसरा. दुसऱ्या दिवशी तो दुपारी उठला. मी त्याच्या आईस समजावले की मोठ्या शहरांतही या गोष्टीचा परिणाम असाच होतो.

याप्रमाणे सर्व सुखाने चालले असताना एका संध्याकाळी संबंधित कार्यालयाचे एक गृहस्थ मोटारीतून उतरले. कार्यालयाचे नाव घेण्याची माझी पद्धत नाही. अर्जातही मी 'मा. साहेब' एवढेच लिहितो. त्या गृहस्थांनी भेळ खाल्ली, दूध प्यायले, रुमालाने ओठ पुसले आणि आक्कांना म्हणाले, "या जनावरांना परवानगी कुणी दिली? सोमवारपर्यंत जागा मोकळी करा."

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडायच्या आत आक्का माझ्या टेबलापुढे उभ्या होत्या. सोबत भेळवाला होता आणि वस्तादही होते.

"अण्णा, लिवा," आक्का म्हणाल्या. "माझी जागा ऱ्हाऊ द्या म्हणावं. आन् तितं एक दिवा लावा म्हणावं, अंधारात धार दिसंना झालीया. बास."

"आक्का, अर्ज असा लिहीत नाहीत."

"मग कसा लिवत्यात?"

"अर्जाला आधी उंची द्यावी लागते."

"द्या की उंची. पर जागा ग्येली तर मला कुठं जायाला लागतंय, ठावं हाय न्हवं तुमास्नी?"

"ठाऊक आहे."

"त्या खिडकीत ती दात काढून बसली असंल आत्तापासनं."

येथे माझ्या कामाच्या पद्धतीविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. लहान मागणी साहेबलोकांना वाचावीशी वाटत नाही. ज्याला एक दिवा हवा त्याने एक दिवा मागितला तर त्यास 'निधी उपलब्ध नाही' असे उत्तर येते. त्यानेच संपूर्ण परिसराचा विकास मागितला तर बैठक होते. ही विद्या मला माझ्या आधीच्या अर्जनवीसाने दिली आणि मी ती आयुष्यभर पाळली. त्यानुसार मी निवेदन रचले. प्रारंभी नदीचे प्राचीनत्व. नंतर शहराची कीर्ती. नंतर पर्यटनाचे महत्त्व. त्यानंतर सदर काठाचे सर्वांगीण सुशोभीकरण व्हावे, आसने, कठडे, पदपथ व आकर्षक विद्युत रोषणाई व्हावी, परिसराची स्वच्छता काटेकोरपणे राखली जावी, आणि या भूमीच्या पारंपरिक दुग्धसंस्कृतीचा यथोचित गौरव व्हावा, अशी नम्र प्रार्थना. म्हैस हा शब्द मी विचारपूर्वक टाळला. सरितेच्या पावन तीरावर तो वाक्याला ओढून खाली आणत होता.

निवेदन मी मोठ्याने वाचून दाखवले. भेळवाल्याने मान डोलावली. वस्तादांनी दंडावर थाप मारली.

आक्का म्हणाल्या, "लई भारी हाय. पर माझं कुठं आलं त्यात?"

"शेवटच्या परिच्छेदात. गौरव."

"त्येच्यात म्हस बसती व्हय?"

"सगळ्या बसतात."

"मग द्या कुठं सही करायची ती."

काठावरच्या सगळ्यांनी सह्या केल्या. भेळवाल्यास लिहिता येत होते, परंतु हात चिंचेच्या पाण्याचे असल्याने त्याने अंगठा दिला, आणि तो सर्वांत ठळक उठला.

आता जे घडले ते माझ्या कारकिर्दीत पूर्वी घडले नव्हते. निवेदन मंजूर झाले. संपूर्ण मंजूर झाले. मला कार्यालयात बोलावून 'हे आपण लिहिलंत?' असे विचारण्यात आले आणि बशीसह चहा देण्यात आला. सोमवारचा हुकूम स्थगित झाला. मी तडक काठावर गेलो. भेळवाल्याने माझ्याकडून पैसे घेतले नाहीत. ध्वनिक्षेपकवाल्याने एक गाणे माझ्या नावे म्हटले. आक्कांनी थोरल्या म्हशीच्या कपाळाला हळद लावली आणि बोळाच्या वरच्या टोकाकडे तोंड करून, कोणास उद्देशून ते न सांगता, खूप वेळ हसल्या.

काम सुरू झाले म्हणून आक्का काही महिने गोठ्यातच धार काढून ओळखीच्या घरी रतीब घालत राहिल्या. काठावर फरश्या बसल्या. स्टीलचे कठडे आले. दिव्यांचे खांब आले, ते रंग बदलणारे. गाड्यांच्या जागी एका रांगेत गाळे झाले. आणि मध्यभागी, दुग्धसंस्कृतीचा गौरव म्हणून, एक फायबरची म्हैस उभी राहिली. तिच्याखाली फायबरचाच एक माणूस धार काढत बसवला होता. म्हैस हुबेहूब होती. माणूस चुकीच्या बाजूस बसला होता, असे वस्तादांचे मत पडले. मी ते कामगारांच्या कानावर घातले, पण सिमेंट वाळले होते.

उद्घाटनास साहेब आले. मंडप होता. काठावर कट्टा सुरू करणाऱ्या म्हणून आक्कांना व्यासपीठावर बोलावून शाल आणि नारळ देण्यात आला, आणि निवेदनाचे लेखक म्हणून मला पहिल्या रांगेत खुर्ची होती. आक्कांचे यजमान बाहेर मोटारसायकलीवर बसून होते आणि दोन्ही म्हशी, शिंगांना तेल लावून, कठड्यापाशी उभ्या होत्या.

शाल अंगावर आली तशी आक्कांनी साहेबांनाच विचारले, "म्हशी कुठनं आत घ्यायच्या, सायेब?"

"म्हशी? कशाला?"

"आता कट्टा हाय म्हणल्यावर."

साहेबांनी फायबरच्या म्हशीकडे बोट केले. "ती आहे ना."

"तिची धार काढू व्हय?"

मंडपात हशा पिकला. साहेब शांतपणे म्हणाले, "बाई, स्वच्छता राखा असं तुमच्याच निवेदनात आहे. तुम्हाला गाळा दिलाय. नळ आहे, फरशी आहे. दूध किटलीतून आणायचं."

कठड्याजवळ फलक होता तो तेव्हा माझ्या लक्षात आला: काठावर जनावरे आणण्यास सक्त मनाई आहे. तो फायबरच्या म्हशीच्या पाठीला जवळजवळ टेकूनच उभा केला होता. आक्कांनी व्यासपीठावरून माझ्याकडे पाहिले. मी त्या वेळी दिव्यांचे रंग कोणत्या क्रमाने बदलतात याचे निरीक्षण करत होतो.

आक्कांनी गाळा घेऊन पाहिला. नुकते काढलेले दूध स्वच्छ किटलीत भरून त्या संध्याकाळी फरशीवर उभ्या राहिल्या. पहिले गिऱ्हाईक नेहमीप्रमाणे वस्ताद.

"हे किटलीतलं हाय की ओ, आक्का."

"माझ्याच म्हशीचं हाय. आत्ता काढलंय."

"असंल. पर आमी कुठं बघितलं?"

"इतकी वर्सं पिताय, माझ्यावर इस्वास न्हाय व्हय?"

"तुमच्यावर हाय," वस्ताद म्हणाले. "किटलीवर न्हाय."

आणि ते निघून गेले. त्यांच्या पाठोपाठ तालीम गेली. कोणास वाईट वाटू नये म्हणून मी एक ग्लास घेतला. खरे सांगायचे तर समोर म्हैस नसताना ते दूध नुसतेच दूध लागले.

मग आक्कांनी फलकाच्या हद्दीबाहेर, वाहनतळाच्या मागे म्हशी उभ्या करून पाहिल्या. तिथे दुसरी अडचण आली. म्हैस जागेला सरावलेली असते. जागा बदलली की ती दूध वर ओढून धरते. आमच्याकडे त्यास पान्हा चोरणे म्हणतात. थोरल्या म्हशीला पेंड घातली, रेडकू दाखवले, यजमानांनी मोटारसायकल सुरू करून आवाज काढला. म्हैस मोटारसायकलीमागे दोन फेऱ्या मारून आली, पण दूध दिले नाही. नुसती लांबून काठाकडे बघत उभी राहिली.

मी पुरवणी निवेदन लिहिले. त्यात मी म्हैस हा शब्द चार वेळा योजला. उत्तर आले की आपल्या मूळ निवेदनातील सर्व मागण्या पूर्ण झाल्या असून आपले समाधान झाल्याचे गृहीत धरून प्रकरण बंद करण्यात येत आहे. याउपर वरच्या कार्यालयात जावे तर मलाच माझ्या लेखनाविरुद्ध तक्रार करावी लागली असती, आणि असा अर्ज कोणत्या नमुन्यात करावा हे मला माझ्या गुरूंनी शिकवलेले नव्हते.

दूध तर रोज निघत होते आणि रतिबाची घरे थोडी होती. अखेर एके सकाळी आक्का बोळाचा चढ चढून गेल्या. मी त्याच वेळी दाढीच्या दुकानात बसलो होतो, त्यामुळे सर्व ऐकले.

"या या आक्का," खिडकीतून आवाज आला. "लायनीत या."

आक्का रांगेत उभ्या राहिल्या. पाळी आली. यंत्र फिरले.

"चुकून पाणी..."

"न्हाय पडलं!" आक्का ओरडल्या, आणि न्हाव्याचा वस्तरा माझ्या गालावर थांबला.

त्यानंतर आक्का माझ्याशी बोलेनाशा झाल्या. मी बोळातून जाताना दिसलो की त्या म्हशीशी मोठ्याने बोलत: "खा गं बाई, खा. तुझा गौरव झालाय."

इकडे काठ ओसरू लागला. यात कोणाचा दोष असलाच तर तो तिखटाचा आहे. दूध नाही म्हटल्यावर भेळ खाण्याचे धाडस कमी झाले. भेळवाल्याने तिखट कमी केले तर लोक म्हणाले, आता ही भेळ राहिली नाही. कटवड्याचा गाळा बंद पडला. गोळेवाल्यास गाळ्याचे भाडे झेपेना. सोनार पूर्वी गर्दी आहे म्हणून येत, ते गर्दी नाही म्हणून येईनासे झाले. ध्वनिक्षेपकवाला काही दिवस फायबरच्या म्हशीकडे तोंड करून गात राहिला. पुढे त्यालाच ते बरे दिसेना. दिवे मात्र नेमाने लाल, हिरवे, निळे होत. त्यांच्याखाली पुन्हा मी आणि कुत्री. सुशोभीकरणाचा पूर्ण लाभ घेणारा नागरिक म्हणून माझ्याकडे बोट दाखवता येईल.

त्याच पावसाळ्यात नदी पात्राबाहेर आली. पूर बघायला जाणे हा आमच्या शहराचा जुना छंद आहे. पुलाच्या अलीकडे, पोलिसांनी दोरी बांधली होती तिथवर, माणसे मुलाबाळांसह भडंग खात उभी होती. काठाचे कठडे बुडाले, गाळे बुडाले, दिव्यांचे खांब गळ्याएवढ्या पाण्यात उभे राहिले. आणि मग गर्दीतून आरोळी उठली, "म्हस चालली! म्हस चालली!"

पाण्यातून एक काळी म्हैस, मान वर काढून, संथपणे प्रवाहाबरोबर निघाली होती. बायकांनी हात जोडले. बचाव पथकाची नाव तिच्याकडे वळली. दोघा जवानांनी मोठ्या शिकस्तीने शिंगांत दोर अडकवला, तिला नावेशी ओढले आणि एकाने धीर देण्यासाठी तिच्या पाठीवर थाप मारली. ती घुमली.

"अरं, पोकळ हाय ही!"

पेठेचा संघ फुटबॉलचा सामना जिंकला तरी इतक्या शिट्ट्या वाजत नाहीत. माझ्या शेजारच्याने मागे वळून विचारले, "आक्का, तुमची हाय काय ओ?"

तेव्हा मला दिसले की आक्का मागेच उभ्या आहेत. त्या हसल्या नाहीत. "माझ्या घरात पानी शिरतंय," म्हणाल्या आणि बोळाकडे पळत सुटल्या. मीही मागोमाग गेलो.

गोठ्यात गुडघाभर पाणी होते आणि चढत होते. दोन्ही म्हशी दाव्याला हिसडे देत होत्या. उंचावरची, कोरडी, म्हशी मावतील अशी जागा साऱ्या बोळात एकच होती, आणि ती धाकट्या जावेचे अंगण होते.

मी म्हणालो, "आक्का, चढावर न्या."

"न्हाय."

"पाणी वाढतंय."

"बुडालो तर बुडालो. तिच्या दारात म्हशी बांधून तिचं ऐकून घिऊ? आधी शपथ मोडली ती काय थोडी झाली?"

त्यांचे बोलणे सुरू असतानाच यजमानांनी दावी सोडली, मोटारसायकल पाण्यातून ढकलत कोरड्यात नेली, सुरू केली आणि पाडव्याला काढतात तसा आवाज काढला. म्हशी आक्कांच्या दोन्ही बाजूंनी पाणी उडवत बाहेर पडल्या आणि मोटारसायकलीमागे थेट चढावर गेल्या. आक्का हातात दोन मोकळी दावी धरून उभ्या राहिल्या. त्या माणसाने संसारात घेतलेला तो पहिला निर्णय असावा.

आम्ही वर पोहोचलो तेव्हा धाकटीने फाटक सताड उघडून ठेवले होते. ती पदर खोचून वैरण टाकत होती. आक्कांना बघून ती एवढेच म्हणाली, "या. आत या. चहा ठेवलाय."

आक्का आत गेल्या नाहीत. फाटकाबाहेर पावसात उभ्या राहिल्या.

संध्याकाळी म्हशी ओरडू लागल्या. रस्ते बंद, दुधाचा टँकर बंद. काढले पाहिजेच म्हणून आक्का नाइलाजाने अंगणात येऊन थोरल्या म्हशीखाली बसल्या. ती पान्हा चोरणार याविषयी कोणासच शंका नव्हती. परंतु बोट लागताच चरवीत अशी धार वाजली की घरातली मुले बघायला बाहेर आली.

"बेइमान!" आक्का म्हशीला म्हणाल्या. "हितं? हिच्या दारात?"

म्हैस रवंथ करत होती.

बोळातली पाण्याने अडकलेली माणसे तिथेच जमली होती. त्यांनी ग्लास पुढे केले. थोड्या वेळाने लुंगी वर धरून, पाणी तुडवत वस्ताद आले. त्यांच्या कमरेला स्वतःचा ग्लास होता.

पूर ओसरला तरी ती गर्दी ओसरली नाही. म्हशी गोठ्यात परतल्या, पण संध्याकाळची धार तिथेच, फाटकासमोर काढावी लागे. तिथे कधी पाणी येत नाही असे पाहून भेळवाल्याने गाडा चढावर आणला आणि तिखट पुन्हा पूर्ववत केले. आता संध्याकाळी बोळात पाऊल ठेवायला जागा नसते. आक्कांनी मात्र हार मानली नव्हती. काठावरचा फलक वाहून गेला होता, पहारेकरी येत नव्हता, मा. साहेबांची बदली झाली होती. गाळ वाळल्याबरोबर त्यांनी एका संध्याकाळी म्हशी जुन्या जागी नेल्या. आम्ही सारे ग्लास घेऊन गेलो. थोरली म्हैस फरशीवर उभी राहिली, तिने चढाकडे तोंड केले आणि पान्हा चोरला.

आक्का म्हशी घेऊन परतल्या. त्यानंतर दोन दिवसांनी त्यांनी मला बोलावले. पुराचा दिवस सोडला तर कित्येक महिन्यांनी त्या माझ्याशी बोलत होत्या, तेव्हा मी धुतलेला सदरा घालून गेलो. फाटकासमोर म्हैस बांधलेली, एका बाजूला आक्का, दुसऱ्या बाजूला धाकटी आणि भोवती सगळा बोळ.

"अण्णा, कायद्यानं सांगा," आक्का म्हणाल्या. "ही म्हणती मी हिच्या दारात उभा हाय. मी म्हणतो मी रस्त्यावर हाय."

"दारात न्हाय तर कुठं?" धाकटी म्हणाली. "उभं ऱ्हायाला माझी ना न्हाय. पर 'तुझ्या दारात हाय' एवढं तोंडानं म्हणा की. आमच्या कानाला बरं वाटंल."

मी जागेची पाहणी केली. फाटक आणि रस्ता यांच्यामध्ये गटार होती आणि गटारीवर दगडी फरशी. आक्का बरोबर त्या फरशीवर उभ्या होत्या, पायाचा अंगठाही पलीकडे जाणार नाही अशा बेताने.

"गटार सार्वजनिक असते," मी निर्णय दिला. "सबब तिच्यावरील फरशीही सार्वजनिक. आक्का कोणाच्याही दारात उभ्या नाहीत."

बोळात कुजबुज झाली. धाकटी काही कमी नव्हती. "आन् म्हस? म्हशीचं तोंड तर माझ्या अंगणात हाय."

हा मुद्दा कठीण होता. मी म्हशीस एक प्रदक्षिणा घातली. "तोंड अंगणात असले तरी धार मागील बाजूस निघते," मी म्हणालो, "आणि मागील बाजू फरशीवर आहे. दूध जिथे निघते तीच जागा ग्राह्य धरावी लागते."

वस्तादांनी टाळी दिली. आक्कांनी पदर सारखा केला. त्या क्षणी त्यांची उंची वाढल्यासारखी वाटली.

धाकटी घरात गेली आणि पितळेचा एक मोठा ग्लास घेऊन आली. फाटकातून बाहेर पडून, गटार ओलांडून, ती गिऱ्हाइकांमध्ये रस्त्यावर उभी राहिली.

"मग रस्त्यावरच्या दुधाचा मलाबी एक गलास द्या की, आक्का," ती म्हणाली. "खिडकीतनं रोज थेंब थेंब बघितला. पिऊन कधी बघितलंच न्हाय."

आक्कांनी तो ग्लास घेतला, फरशीवर बसल्या आणि फेस काठावरून ओघळेपर्यंत भरून दिला. माझ्या ग्लासात त्या कधीही इतके दूध घालत नाहीत. तथापि त्या प्रसंगी हरकत नोंदवणे मला प्रशस्त वाटले नाही.